अंगठ्यापुरता माणूस

नोव्हेंबर उजाडला की बँकांच्या दारात निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. गाव कोणतेही घ्या, त्या रांगेत रिक्षातून उतरवलेले, दोन्ही बगलांत धरून आणलेले एक गुरुजी असतातच. कधीकाळी त्यांनी अर्ध्या तालुक्याला त्रैराशिक शिकवले. आज त्यांना वार सांगता येत नाही आणि आपण कोठे आलो आहोत हेही उमगत नाही. मुलगा त्यांचा अंगठा धरून यंत्रावर टेकवतो, यंत्र पसंती देते आणि सरकारदरबारी नोंद होते की अमुक इसम जिवंत आहे. रिक्षा घरी परतते. घरात मात्र हा दाखला कोणी मानत नाही. गुरुजींच्या समोर बसून गुरुजींविषयी बोलणे चालते. "जेवले का हे?" असे त्यांच्या बायकोला विचारतात, त्यांना नाही. दिवाणखान्यातली त्यांची खुर्ची केव्हाच मागच्या खोलीत गेली आहे. कोणी हटकलेच तर उत्तर तयार असते: "त्यांना आता काय कळतंय?"

याच अंगठ्याची दुसरी यात्रा ऐका. गाडी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापुढे थांबते. हक्कसोडपत्र असते किंवा बक्षीसपत्र. दस्तात लिहिलेले असते की लिहून देणार हे पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहेत. ज्यांना सकाळी चहात साखर हवी का हे विचारण्याच्या लायकीचे कोणी समजले नाही, त्यांना दुपारी बाराच्या ठोक्याला सात-बारा कळू लागतो! अंगठा उमटला की संध्याकाळी पुन्हा काही कळेनासे होते. एवढे हिशेबी विस्मरण कोणत्याही आजाराने येत नाही. ते घरात तयार होते.

म्हणून आम्ही आज स्पष्ट बोलणार आहोत. स्मृतिभ्रंशाने माणसाची आठवण जाते, पण त्याचे माणूसपण काढून घेतो ते आपण. मेंदूतल्या पेशी मरतात, हे खरे. पण नाव, मान, मत आणि घरातली जागा या गोष्टी पेशींत कधीच नव्हत्या. त्या सुनेच्या हाकेत होत्या, शेजाऱ्याच्या नमस्कारात होत्या, पंगतीत कोणाच्या पानावर आधी वाढायचे या रीतीत होत्या. रोगाने त्यांना हातही लावलेला नाही. मग त्या गेल्या कोठे?

हा चार घरांचा खासगी रडगाऱ्हाण्याचा विषय नाही. देशभरातील ज्येष्ठांच्या तपासण्यांवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. २०३६ पर्यंत हा आकडा एक कोटी ६९ लाखांवर जाईल, असे तोच अभ्यास सांगतो. साठीपुढच्या चौदांमागे एक. तुमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत डोकी मोजा आणि मग विचार करा की त्यातले कोण कोण गेल्या दोन वर्षांत यायचे बंद झाले.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू, कारण निकाल तेथेच लागतो. साठी बुद्धी नाठी, चळ लागला, म्हातारचळ, भ्रमिष्ट. आजाराला आपल्याकडे शिव्या आहेत, नाव नाही. वैद्यकाने दिलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तरी कोठून आला? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो विषयांच्या आसक्तीतून, क्रोधातून आणि संमोहातून घसरत गेलेल्या माणसाच्या वाट्याला. त्याच्या पुढची पायरी बुद्धिनाशाची आणि शेवटची सर्वनाशाची. शब्दाच्या पोटातच पापाचा वास आहे, आणि तो आपण निष्पाप म्हातारीच्या केसपेपरवर चिकटवतो. जपानमध्ये या आजाराला जे नाव होते त्यात मूर्खपणाचा अर्थ भरलेला होता. २००४ च्या डिसेंबरात तेथील सरकारने ते नाव सरकारी वापरातून काढले आणि आकलनाचा विकार अशा अर्थाचा नवा शब्द आणला. पुढच्याच वर्षी सामान्य नागरिकांना या आजाराची ओळख करून देण्याची मोहीम निघाली. आज एक कोटीहून अधिक जपानी माणसांनी ते प्रशिक्षण घेतले आहे, त्यात दुकानदार आहेत, बँकेतले कारकून आहेत, शाळेतली मुले आहेत. आपण काय केले? 'म्हातारचळ' या शब्दावर विनोदी नाटकांत टाळ्या घेतल्या.

इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड नावाचा एक अभ्यासक होऊन गेला. १९९७ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने एक पुस्तक लिहिले आणि वैद्यकाला उलटा प्रश्न केला: या रुग्णांची जी दुर्दशा दिसते ती सगळी मेंदूची समजायची का? त्याचे म्हणणे असे की माणूसपण हा एक दर्जा आहे, आणि तो माणसाला इतर माणसे नात्यातून बहाल करतात. बहाल करता येते ते काढूनही घेता येते. कसे काढून घेतात याचे सतरा प्रकार त्याने शुश्रूषागृहांत बसून टिपले, आणि बजावले की हे करणारी माणसे बहुधा दुष्ट नसतात. किटवुडने महाराष्ट्र पाहिला होता की नाही, कोणास ठाऊक. पण त्याची यादी वाचताना आपल्याच आळीतून फेरफटका मारल्यासारखे वाटते.

फसवणूक घ्या. "चला, देवळात जाऊ" म्हणून गाडीत बसवायचे आणि वृद्धाश्रमात उतरवायचे. घाई घ्या. घास गिळून होण्याआधी दुसरा तोंडात कोंबायचा, कारण ब्युरोच्या बाईची वेळ संपत आलेली असते. बालिशपणा लादणे घ्या. ज्या सासऱ्यांपुढे उभे राहताना पदर सावरला, ज्यांना जन्मभर 'अहो' म्हटले, त्यांना आता "ए बाबू, आ कर बघू" असे ऐकावे लागते. मराठीने मोठ्या कष्टाने 'अहो' आणि 'अरे' यांत भेद ठेवला. तो भेद एका डायपरने पुसून टाकला! थट्टा घ्या. आजीने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतो आणि खाली हसरे चेहरे उमटतात. दोष देणे घ्या. "मुद्दाम करतात हो, पैशांचं बरोबर लक्षात राहतं." कोणी रात्री उठून दाराकडे जाते म्हणून कॉटच्या दांडीला जुन्या साडीच्या पट्टीने मनगट बांधून ठेवतात, मऊ सुती साडीची पट्टी, वळ उठू नयेत एवढी काळजी घेतलेली. काय ही माया!

आणि वाळीत टाकणे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा मंजूर केला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण नातवाच्या लग्नात "नको, उगाच काहीतरी बोलतील, लोक काय म्हणतील" म्हणून आजीला कुलूप लावलेल्या घरात शेजारणीच्या भरवशावर ठेवून वऱ्हाड निघते, त्या बहिष्काराला कोणते कलम? हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होते. भजनी मंडळातल्या बायका पहिले दोन महिने चौकशी करतात, पुढे तीही थांबते. आणि गंमत पाहा, त्याच आजीला मुलाचे नाव आठवत नसले तरी आरती सुरू झाली की सगळी कडवी ओठांवर येतात, समोर कापूस ठेवला की बोटे आपोआप वाती वळू लागतात, सूप दिले तर तांदूळ निवडते. बुद्धी विसरली ते हातांनी आणि गळ्याने जपून ठेवलेले असते. पण सूप तिच्या हातात देणार कोण? "राहू द्या, सांडतील." सांडू द्यात की! तांदूळच आहेत, पुन्हा गोळा करता येतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन साबाट यांनी अशा रुग्णांशी दीर्घकाळ संवाद ठेवून एक मार्मिक भेद केला. 'मी' म्हणून बोलणारा माणूस आजारातही बराच काळ शाबूत असतो. स्वतःच्या गुणदोषांची त्याची जाणीवही पुष्कळ उरते. सगळ्यात आधी कोसळते ती सामाजिक ओळख, कारण ती एकट्याने उभीच करता येत नाही. विद्यार्थी असल्याशिवाय गुरुजी होता येत नाही, आणि कोणी "आई" म्हणून सल्ला विचारल्याशिवाय आई राहता येत नाही. समोरच्याने साथ सोडली की ती ओळख त्या क्षणी पडते, आणि पडल्यावर आपण म्हणतो, रोगाने पाडली.

येथे शहाणे लोक घसा साफ करतील. ते म्हणतील, संपादक महाशय, प्रेमाने मेंदू भरून येत नाही. नाही येत! आम्ही तसे म्हटलेले नाही. अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे, तो वाढतच जातो, औषधे त्याला थोडीफार लगाम घालतात आणि अखेर तोच जिंकतो. मायेने तो बरा होतो असे सांगणारा भोंदू समजावा, मग त्याच्या गळ्यात माळ असो की स्टेथोस्कोप. पण पाय मोडलेल्या माणसाची काठी काढून घेऊन "हाड मोडल्यामुळे पडला" असे जो म्हणेल, त्याला तुम्ही काय म्हणाल?

दुसऱ्या बाजूने एक उलटा अन्यायही होतो, आणि तो आपल्या शेजारी गोव्यात अभ्यासकांनी नोंदवून ठेवला आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोव्यातील लोकांना अशा म्हाताऱ्या माणसांची वर्णने सांगून मते विचारली. त्यांना तो आजार वाटलाच नाही. काहींनी म्हटले, वय झाले. आणि काहींनी म्हटले, मुलांनी हेळसांड केली, प्रेम दिले नाही, म्हणून असे झाले! विचार करा, याचा परिणाम काय होत असेल. रात्री तीन-तीन वेळा चादरी बदलणाऱ्या सुनेकडे गाव संशयाने पाहणार. मग ती आजीला मागच्या खोलीत लपवणार नाही तर काय करणार? दुर्लक्षाने आजार होतो हे खोटे आहे, पण असा आरोप झाला की घराची दारे लागतात आणि मग खरोखरच दुर्लक्ष सुरू होते. वर्षातून एकदा पेढे घेऊन येणारी नणंद "आई किती वाळली गं" म्हणून डोळ्याला पदर लावते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. हा अग्रलेख त्या सुनेविरुद्ध नाही. असलाच तर पेढेवालीविरुद्ध आहे. आणि न्यू जर्सीहून रविवारी रात्री व्हिडिओ कॉल करून केअरटेकरच्या पगाराचा हिशेब मागणाऱ्या चिरंजीवांविरुद्धही आहे.

त्याच गोव्यात यावरचा उपायही करून पाहिला गेला, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत एक चाचणी केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. स्थानिक भाषा बोलणारे, डॉक्टर नसलेले, थोडे प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते सहा महिने नियमित घरी जात. आजार काय आहे ते समजावत, म्हातारा चिडला तर काय करायचे ते सांगत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत, नातेवाइकांना कामाला लावत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण निश्चितपणे कमी झाला. ना मोठे यंत्र, ना महागडे औषध. एक माणूस घरी येतो आणि त्या घराला वाळीत टाकत नाही, एवढेच. आमच्या आशा सेविका गावोगावी आहेत. त्यांना चांगला मोबदला देऊन हे काम का सोपवता येऊ नये? कोणी पैशांचे कारण सांगू नये. पुतळ्यांच्या उंचीच्या स्पर्धेत ते कारण कधी ऐकू आलेले नाही.

आता एक जुनी थकबाकी. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण आपल्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले आहे. आणि 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली ज्या चौदा टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली, त्यांत कमी शिक्षण आहे, बहिरेपण आहे, एकाकीपणा आहे. ही सारी कारणे हाताळली तर जगातील जवळपास ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबणीवर पडू शकतील, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या मुलीलाही आमच्या खेड्यांनी "शिकून काय दिवे लावणार" म्हणून गुरांमागे धाडले. आज ती पंच्याहत्तरीपुढची आहे. तिच्या मेंदूला लहानपणी जे द्यायचे ते दिले नाही, पुढे कानाचे यंत्र दिले नाही, वैधव्य आल्यावर चारचौघांत बसू दिले नाही. आणि आता तिची तपासणी कशी? तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा! जिला शाळेचे दार दिसले नाही तिला वजाबाकीत नापास करणार? हरियाणातील बल्लभगड येथे काम करणाऱ्या संशोधकांना हा अन्याय दिसला आणि त्यांनी निरक्षरांना साजेशी हिंदी चाचणी तयार केली. खरे पाहता तिला तिथी विचारा, कोणत्या नक्षत्रावर पेरणी करायची ते विचारा, मग कोण नापास होते ते पाहू.

सरकारची झडती फार लांबवत नाही. झडतीत हाती लागण्यासारखे थोडेच आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा पालक नेमण्याची सोय करतो. स्मृतिभ्रंश त्यात नाही. आपण मुखत्यारपत्र करून ठेवतो, पण करून देणाऱ्याची बुद्धी गेली की कायद्याने ते मुखत्यारपत्रही संपते, म्हणजे नेमके लागेल तेव्हा निकामी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मुळे आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवता येते, परंतु भान गेल्यावर आपला पैसाअडका कोणी सांभाळावा हे आधी ठरवून ठेवण्याची सोय या देशात नाही. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्यात ती आहे. येथे आईच्या औषधासाठी आईच्याच खात्यातले पैसे काढायला लेकीला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. जिला ती परवडत नाही ती आईचे एटीएमचे कार्ड वापरते आणि नियम मोडणारी ठरते. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा जिल्ह्यागणिक दीडशे निराधारांच्या वृद्धाश्रमाची भाषा करतो, तर अनेक वृद्धाश्रमांच्या नियमावलीत पहिली अट असते की स्वतःची कामे स्वतः करता आली पाहिजेत. सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचे आरोग्यकवच २०२४ मध्ये मिळाले, त्याचे स्वागत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते, आणि हा आजार तर दहा-दहा वर्षे घरात बसून असतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. भान शाबूत असताना आपला आर्थिक पालक नेमण्याचा हक्क देणारा कायदा करा. जिल्हा रुग्णालयात स्मरणशक्ती तपासणीचा दिवस ठेवा. तालुक्यागणिक दिवसभर रुग्ण सांभाळणारे एक केंद्र काढा, म्हणजे सांभाळणारी सून महिन्यातून चार दुपारी तरी झोपेल. आणि उतारवयातल्या माणसाच्या, संशयास्पद घाईच्या हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याआधी निबंधकाने त्या माणसाशी, नातेवाइकांना बाहेर बसवून, दहा मिनिटे बोलावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे एक प्रकांड पंडित हत्तीच्या मागे जाता जाता हरवतात. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी ती भूमिका केली. मुलगी बापाला शोधत शहर पालथे घालते, आणि तिकडे हत्तीवाल्याची बायको त्या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते. हत्तीवाल्याच्या बायकोच्या या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला पंडितांची विद्वत्ता ठाऊक नाही, भाषाही वेगळी. त्यांना काय आठवते याची ती परीक्षा घेत नाही. भूक लागलेला माणूस दारात आला आहे, एवढे तिला पुरते.

आपण मात्र परीक्षा घेतो. अशा घरी पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला: "ओळखलंत का मला? सांगा बरं मी कोण?" म्हातारे कावरेबावरे होतात, नजर बायकोकडे वळते, ओशाळे हसू उमटते. पाहुणा हटत नाही, दोनदा विचारतो, आणि मग सगळ्यांकडे पाहून हळहळतो. फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ च्या नोव्हेंबरात डॉ. अलॉयस अल्झायमर यांनी ऑगस्टे नावाच्या एकावन्न वर्षांच्या बाईला असेच प्रश्न विचारले होते: नाव काय, नवऱ्याचे नाव काय. ते डॉक्टर होते, विचारणे त्यांचे कामच होते. तरी इतिहासाने काय केले पाहा; आजाराला डॉक्टरांचे नाव मिळाले आणि ती बाई कित्येक दशके वैद्यकाच्या पुस्तकांत एका आद्याक्षरापुरती उरली. तुम्ही तर डॉक्टरही नाही. तुम्हाला ही तोंडी परीक्षा घेण्याचा अधिकार कोणी दिला?

वाचकहो, येत्या नोव्हेंबरात गुरुजी पुन्हा बँकेच्या रांगेत येतील. तुम्ही मागे उभे असाल तर त्यांना पुढे जाऊ द्या. त्यांच्या मुलाशी बोलू नका, त्यांच्याशी बोला. ओळखलेत का, असे विचारू नका. वाकून नमस्कार करा आणि आपले नाव आपण होऊन सांगा, कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत होतात तेही सांगा, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारले तर दुसऱ्यांदा सांगा.